प्रीॲम्प भारी, पण लॅपटॉपात गेला की आवाज मरतो : कुठं कुठं बघायचं

सांगली-मिरजेत घरी ट्यूबचा ॲम्प असलेले गिटारवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कारण सगळ्यांना माहिती आहे, किंमत ऐकून घरचे दोन दिवस बोलत नाहीत, वजन वीस-पंचवीस किलो, आणि ट्यूबचा ॲम्प खरा बोलायला लागतो तो आवाज चढवल्यावर, आणि तेवढा चढवला की खालच्या काकू जिना चढून वर येतात. म्हणून मग पोरं एक चांगला प्रीॲम्प, म्हणजे ॲम्पचा टोन घडवणारा पुढचा भाग, घेतात, पेडलच्या आकाराचा किंवा कुणाचा तरी जुना रॅकवाला, तो इंटरफेसमधून (गिटारचा सिग्नल लॅपटॉपात नेणारा डबा) लॅपटॉपला जोडतात आणि पुढचा ट्यूबचा पॉवर ॲम्प आणि स्पीकर सॉफ्टवेअरमध्ये लावतात. कल्पना एक नंबर. मीपण गेली सहा-सात वर्षं हेच करतोय.

पण दर दोन-तीन आठवड्याला कुणाचा तरी फोन असतोच, दादा प्रीॲम्प नवीन घेतलाय पण आवाज अगदीच मेलाय, बहुतेक पीस खराब आलाय, परत करू का. आणि मी जाऊन बघतो तर दहातल्या नऊ वेळा प्रीॲम्पला काहीही झालेलं नसतं. मी दिवसा कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, रात्री ऑर्केस्ट्रात गिटार. कारखान्यात मोटार बंद पडली म्हणून कुणी आधी वाइंडिंग उसकत नाही, आधी फ्यूज बघतो, मग ओव्हरलोड रिले, मग कॉन्टॅक्टर. इथंपण तोच क्रम ठेवा, फुकटातलं आधी, पैशाचं नंतर.

आधी लक्षण ओळखा

माशी : डिस्टॉर्शनवर वाजवलं की वरच्या बाजूला भणभण, प्लॅस्टिकच्या डब्यात मधमाशी कोंडल्यासारखी. क्लीनवर फारसं जाणवत नाही.

गोधडी : आवाज गोधडीखालून आल्यासारखा, ट्रेबल वाढवला तरी उघडत नाही.

विहीर : पातळ, पोकळ, लांबून येतोय असं वाटतं, बास तर नाहीच.

मुडदा : हळू मारा नाहीतर जोरात मारा, सारखंच. बोटाखाली काही होतच नाही. सगळ्यात जास्त तक्रार हीच.

घुंई : वाजवत नसतानासुद्धा चालू.

उशीर : पिक आत्ता लागला, आवाज मागनं आला.

भूत : वरच्या फ्रेटवर स्वर ओढला की खाली दुसराच एखादा बेसूर स्वर उलट्या दिशेला सरकतो. हे कमी लोकांना ऐकू येतं, पण एकदा ऐकू आलं की मग सुचत नाही काही.

एकापेक्षा जास्त लक्षणं असली तर घाबरू नका, बऱ्याचदा दोन्हीचं मूळ एकच असतं.

तपासण्याआधी दोन मिनिटं, हा पॉवर ॲम्प करतो काय

पोरांना वाटतं प्रीॲम्प म्हणजे टोन आणि पॉवर ॲम्प म्हणजे नुसता आवाज मोठा करणारा. घरच्या म्युझिक सिस्टिममध्ये ते खरं आहे. गिटारच्या ट्यूब ॲम्पमध्ये नाही. तिथं प्रीॲम्पनंतर फेज इन्व्हर्टर, मग ईएल34 नाहीतर 6एल6 अशा मोठ्या ट्यूब, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर, मग स्पीकर, आणि हा स्पीकर गप्प बसून ऐकणारा नसतो. त्याच्यावर 8 ओहम लिहिलेलं असतं, मल्टिमीटर लावला तर साडेसहा-सात दाखवतो, आणि वाजत असताना तर तो आकडा स्वराप्रमाणे बदलतो. साधारण 80-100 हर्ट्झच्या आसपास एकदम उसळी मारतो, मग खाली बसतो, मग हजार हर्ट्झच्या पुढं परत चढत जातो. ट्यूबचा पॉवर ॲम्प या चढउताराबरोबर वाहवत जातो, म्हणजे जिथं स्पीकरचा विरोध जास्त तिथं आवाजपण जास्त देतो. त्यामुळं बास फुगतो आणि वरची धार येते, कुणी इक्वलायझर न फिरवता. वरनं जोरात कॉर्ड मारला की सप्लायचं व्होल्टेज क्षणभर बसतं आणि परत उठतं, त्याला सॅग म्हणतात, बोटाखाली जी स्प्रिंग लागते ती बरीचशी हीच.

नुसता प्रीॲम्प सरळ स्पीकरच्या आयआरमध्ये (स्पीकर आणि माइकची मोजून घेतलेली छाप, सॉफ्टवेअरमध्ये लावायची फाइल) घातला तर हे सगळं गायब. म्हणून मुडदा. आणि उलट, हेच काम दोन ठिकाणी चालू राहिलं तर गोधडी नाहीतर माशी. प्रीॲम्प एकदा, पॉवर ॲम्प एकदा, स्पीकर एकदा. आमटीला फोडणी एकदाच देतात, तसं. खालच्या निम्म्या तपासण्या म्हणजे कुठली फोडणी दोनदा पडलीय आणि कुठली पडलीच नाही एवढंच शोधणं आहे.

1. डायरेक्ट मॉनिटरचं बटण (फुकट, पाच सेकंद)

इंटरफेसवर एक बटण किंवा नॉब असतो, डायरेक्ट मॉनिटर नाहीतर मिक्स असं लिहिलेला. तो चालू असेल तर हेडफोनमध्ये दोन आवाज येतात, एक लॅपटॉपातनं फिरून पॉवर ॲम्प आणि कॅब (स्पीकरची पेटी) लागून आलेला, आणि दुसरा प्रीॲम्पचा नागडा आवाज, थेट. डिस्टॉर्शनचा नागडा आवाज म्हणजेच ती माशी. गिटारचा स्पीकर साधारण 5 हजार हर्ट्झच्या वर झपकन खाली येतो, म्हणून ॲम्पसमोर बसलं की ती भणभण ऐकू येत नाही, पण थेट लाइनला तिला अडवणारं कुणी नाही. आणि दोन आवाज थोड्या मिलिसेकंदांच्या फरकानं एकमेकांवर पडले की मधल्या काही फ्रिक्वेन्सी खाल्ल्या जातात, त्यामुळं पोकळपण वाटतं.

माशीच्या तक्रारी मी जितक्या बघितल्या त्यातल्या निम्म्या इथंच मिटल्या. एकदा तर मी विट्यापर्यंत गाडी काढून गेलो आणि एक बटण दाबून चहा पिऊन आलो. आता फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो.

2. केबल आणि कुठल्या भोकात घातलीय ते

मिरजेत सतारमेकर गल्लीच्या अलीकडं एक पोरगा राहतो, बारावीचा. त्याची तक्रार विहिरीची. प्रीॲम्प चांगला, इंटरफेस चांगला, सॉफ्टवेअरमध्ये सगळं जागेवर, मी अर्धा तास डोकं खाजवत बसलो. शेवटी केबल उपटली आणि टोकाकडं बघितलं तर पिनवर दोन काळ्या रिंगा. साध्या गिटार केबलला एकच रिंग असते. म्हणजे ही टीआरएस केबल, आणि ती लावलेली प्रीॲम्पच्या हेडफोनच्या जॅकमधनं इंटरफेसच्या बॅलन्स्ड इनपुटला. हेडफोनमधनं डावा आणि उजवा असे दोन सिग्नल येतात, बॅलन्स्ड इनपुट या दोघांची वजाबाकी करतो, आणि डावं-उजवं सारखंच असेल तर वजाबाकी शून्याच्या आसपास. जे काही ऐकू येत होतं तो नुसता उरलासुरला फरक. साधी मोनो केबल काढली, प्रीॲम्पच्या मुख्य आउटपुटमधनं लावली, आणि पोरानं एक ई कॉर्ड मारला तर त्याची आजी आतनं बाहेर आली बघायला.

तर दोन गोष्टी. केबलच्या पिनवर रिंगा मोजा. आणि प्रीॲम्पच्या मागं किती आउटपुट आहेत ते बघून प्रत्येकावर काय लिहिलंय ते वाचा, कारण पुढची तपासणी त्याच्यावरच आहे.

प्रीॲम्पचं एक्सएलआर आउटपुट माइकच्या इनपुटला लावलं असेल तर इंटरफेसवरचं 48 व्होल्टचं फँटम बंद आहे ना तेपण बघून घ्या. सगळ्याच आउटपुटना ते सोसत नाही.

3. ॲडॉप्टर (फुकट, फक्त चष्मा लागतो)

लोक इथं बघतच नाहीत. ट्यूब असलेल्या प्रीॲम्पला दिवट्या पेटवायलाच बराच करंट लागतो, एका 12एएक्स7च्या हीटरला 6.3 व्होल्टवर 300 मिलिअँपिअर, नाहीतर 12.6 व्होल्टवर 150. आणि आपण लावलेला असतो डिस्टॉर्शन पेडलचा शंभर मिलिअँपिअरचा ॲडॉप्टर, किंवा एकाच ॲडॉप्टरवर सहा पेडलांची माळ. मग आवाज घुसमटतो, थोडा वेळ वाजून बसतो, घुंई येते, आणि माणूस म्हणतो सॉफ्टवेअर खराब.

प्रीॲम्पच्या बुडावर लिहिलेलं वाचा : व्होल्ट किती, मिलिअँपिअर किती, एसी का डीसी, आणि मधली पिन प्लस का मायनस. काही ट्यूब प्रीॲम्पना 12 व्होल्ट एसी लागतो, डीसी नाही. पिन बसते म्हणून ॲडॉप्टर चालतो असं नसतं. मिलिअँपिअर जास्त असले तर चालतात, व्होल्ट जास्त चालत नाहीत.

4. कॅब दोनदा लागलाय का

गोधडीचं पहिलं कारण हे. आजकालच्या बऱ्याच प्रीॲम्पमध्ये आतच स्पीकरचं सोंग असतं, कॅब सिम, एक बारकी स्लाइडची कळ कुठंतरी बाजूला नाहीतर मागं. ती चालू, वर लॅपटॉपात आयआर चालू, म्हणजे दोन स्पीकर आणि दोन माइक एकापाठोपाठ. प्रत्येकानं वरचा भाग एकदा कापला, शिल्लक काय राहणार.

हे काय आजचं नाही. 1989 साली आलेला सॅन्सॲम्प मुळात बनवलेलाच होता ॲम्प आणि स्पीकरचं काम एकाच डबीत करून थेट मिक्सरला जायला, त्याच्यापुढं परत पॉवर ॲम्प आणि कॅब लावणं म्हणजे रेनकोटवर रेनकोट. मार्शलच्या जेएमपी-1 या रॅक प्रीॲम्पला मागं दोन तऱ्हेची आउटपुट आहेत, एक साधी आणि एक स्पीकर एम्युलेशनवाली. आपल्याला लॅपटॉपात पॉवर ॲम्प लावायचा असेल तर साधीच पाहिजे.

कारण क्रम महत्त्वाचा आहे. खऱ्या ॲम्पमध्ये पॉवर ट्यूब आधी आणि स्पीकर नंतर. कॅब लागून आलेला सिग्नल पॉवर ॲम्पच्या सिममध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या नकलेत, घातला तर तो आधीच कापलेल्या आवाजाला परत डिस्टॉर्ट करणार, चिखल होतो. म्हणून कॅब प्रीॲम्पमध्ये बंद, लॅपटॉपात चालू, आणि लॅपटॉपात पॉवर ॲम्पच्या नंतर.

5. पूर्ण ॲम्प लावलाय का नुसता पॉवर ॲम्प

सॉफ्टवेअर उघडलं की पहिल्या पानावर मोठमोठ्या ॲम्पांची चित्रं असतात, पोरं त्यातला आवडीचा घेतात. पण तो पूर्ण ॲम्प आहे, त्याच्या आत त्याचा स्वतःचा प्रीॲम्प आहे. तुमचा प्रीॲम्प त्याच्या तोंडात गेला म्हणजे एक प्रीॲम्प दुसऱ्या प्रीॲम्पमध्ये. गेन अमाप, नॉइज अमाप, आणि कुठलाही नॉब फिरवा, डेफिनिशन शून्य.

तिथं पॉवर ॲम्प नावाचा वेगळा ब्लॉक शोधा, नाहीतर एफएक्स रिटर्नमध्ये जायची सोय आहे का बघा, खऱ्या ॲम्पला बाहेरचा प्रीॲम्प जोडायचा तर आपण मागच्या रिटर्नलाच जोडतो, पुढच्या इनपुटला नाही. न्यूरल ॲम्प मॉडेलर वापरणारे, म्हणजे ते स्टीव्हन ॲटकिन्सनचं फुकटचं ओपन सोर्सवालं, त्यांनी कॅप्चरच्या (खऱ्या ॲम्पच्या काढलेल्या नकलेच्या) नावात नीट बघा : कुणी फक्त प्रीॲम्पचं काढलेलं असतं, कुणी फक्त पॉवर ॲम्पचं, कुणी ॲम्प आणि कॅब सगळं मिळून. आपल्याला मधलं पाहिजे. सगळं मिळूनवालं घेतलं आणि वर आयआर लावला की परत चौथ्या नंबरवर या.

6. लेव्हल. मुडद्याचं औषध बहुतेक इथंच असतं

इथं जरा थांबा, कारण हे कुणाला पटत नाही.

पॉवर ॲम्पचं सिम हे सरळ रेषेत वागणारं यंत्र नाही. कमी सिग्नल दिला तर ते क्लीन, सपाट, काहीच करत नाही, नुसता पाइप. जास्त दिला तर दाबतं, फुगवतं, शेवटी फाटतं. स्प्रिंग जी आहे ती मधल्या पट्ट्यात. म्हणजे सिम कितीही महागाचं असो, त्याला योग्य व्होल्टेज पोचलं नाही तर ते झोपूनच राहणार.

आता बाहेरच्या प्रीॲम्पची गंमत अशी की कुणाचा आउटपुट किती याला ताळमेळ नाही. स्टुडिओची लाइन लेव्हल म्हणजे साधारण 1.23 व्होल्ट, घरगुती उपकरणांची 0.316 व्होल्ट, जवळजवळ चौपट फरक. पेडलवाला प्रीॲम्प खालच्या बाजूला, रॅकवाला वरच्या बाजूला, आणि ट्यूबवाला पूर्ण उघडला तर त्याच्याही वर. इंटरफेसच्या पुढच्या जॅकला इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झेड असं बटण असतं, ते गिटार थेट लावण्यासाठी, नाजूक पिकअपच्या सिग्नलसाठी. तिथं रॅक प्रीॲम्प घातला की इंटरफेसचा इनपुटच फाटतो, आणि हे फाटणं ट्यूबसारखं गोड नसतं, काच फुटल्यासारखं असतं. लाल दिवा लागत असेल तर लगेच कळतं, पण काही इंटरफेसचा दिवा इतका बारका असतो की प्रीॲम्पच्या आवाजातच ते लपून जातं आणि माणूस प्रीॲम्पला शिव्या घालतो.

मी असं करतो. इंटरफेसचं ते बटण लाइनवर, नाहीतर मागचा लाइन इनपुट. इंटरफेसचा गेन शून्य. प्रीॲम्पचा मास्टर अर्ध्यावर, घड्याळात बारा. मग गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, ब्रिजचा पिकअप, आणि जितक्या जोरात कार्यक्रमात मारता तितक्या जोरात ई कॉर्ड. घरी बसून माणूस नेहमी हळू मारतो आणि स्टेजवर दुप्पट, ते लक्षात ठेवा. सॉफ्टवेअरच्या मीटरवर शिखर उणे 12 डेसिबलच्या आसपास येईल इतकाच गेन उघडा. इथवर आलं की इंटरफेसला परत हात लावायचा नाही, मार्करनं खूण करून ठेवा.

मग पॉवर ॲम्पच्या सिमवर इनपुट ट्रिम नाहीतर ड्राइव्ह असा नॉब असतो, तो खालनं सावकाश चढवत जा आणि एकच कॉर्ड सारखा मारत रहा, आधी हळू मग जोरात. एका ठिकाणी असं होतं की जोरात मारलेला कॉर्ड तेवढा मोठा होत नाही पण जाड होतो. तीच जागा. त्याच्या पुढं दोन-तीन डेसिबल गेला की कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळायला लागतात, तिथनं मागं या. दर प्रीॲम्पला ही जागा वेगळी, म्हणून दुसऱ्याचा प्रीसेट उचलून तुमच्याकडं तसाच वाजत नाही.

आणि तुलना करताना आवाज सारखा ठेवा, कारण जे मोठं ते कानाला चांगलंच वाटतं. आवाज लहान असताना कानाला बास आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच मोजून ठेवलंय. रात्री अकराला हेडफोनवर बारीक आवाजात बास वाढवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी हॉलवर तोच प्रीसेट लावून ढबढब झाली म्हणून सॉफ्टवेअरला नावं ठेवायची, हे मी स्वतःपण केलेलं आहे, माधवनगरच्या एका लग्नात, नवरदेवाच्या मामानं येऊन सांगितलं की बाबा ते बंद कर.

7. प्रेझेन्स, डेप्थ आणि आयआरचं भांडण

लेव्हल जमली, तरी बास ढबढब करतो नाहीतर वर टोचतं. आता या दोन नॉबांकडं या. खऱ्या ॲम्पमध्ये प्रेझेन्स म्हणजे ट्रेबल नव्हे. पॉवर ॲम्पचा थोडा आवाज परत मागं फिरवून त्याला लगाम लावलेला असतो, निगेटिव्ह फीडबॅक, आणि प्रेझेन्स त्या लगामातनं वरच्या फ्रिक्वेन्सी सोडून देतो. डेप्थ किंवा रेझोनन्स खालच्या सोडतो. लगाम सुटला की तेवढ्या भागात ॲम्प मोकाट. म्हणून हे नॉब जोरात वाजवताना एक आणि हळू वाजवताना दुसरं असे लागतात. आणि व्हॉक्स एसी30सारख्या ॲम्पमध्ये हा लगामच नाही, त्यामुळं त्या जातीचं सिम निवडलं तर ते आधीच मोकाट असतं, तिथं मार्शलच्या सवयीनं नॉब फिरवून उपयोग नाही.

फिरवायचं किती? तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखालचा दोरा किती सरकवतात बघितलंय का कधी? केसभर. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्या पोरांनी त्या गल्लीत जाऊन अर्धा तास जवारी लावताना बघितली असती तर प्रेझेन्स दहावर ठेवला नसता.

अजून एक छुपं कारण. काही आयआर काढताना कॅबला ट्यूबचाच पॉवर ॲम्प जोडलेला असतो, काही काढताना सपाट सॉलिड स्टेट. पहिल्या प्रकारात ते बास फुगणं आणि वरची धार आयआरमध्ये आधीच बसलेली असते. त्याच्याआधी तुम्ही सिममध्ये परत स्पीकरचा चढउतार लावला की फोडणी दोनदा. आयआरच्या फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल असते, कुणीही न वाचलेली, तिच्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. नसेल तर सिममधला स्पीकर कर्व्ह बंद करून आणि चालू करून ऐका, ज्याला बरं वाटतंय ते ठेवा, कुणी विचारायला येत नाही.

8. घुंई

गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. घुंई गेली तर ती गिटारमधनं येतेय : सिंगल कॉइल असेल, शेजारी चोकवाली ट्यूबलाइट नाहीतर पंख्याचा रेग्युलेटर असेल, गिटार हातात धरून गोल फिरा, एका दिशेला कमी होते.

गेली नाही तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेली? मग लॅपटॉप आणि प्रीॲम्प दोन वेगवेगळ्या वाटेनं अर्थिंगला जोडलेत आणि मधल्या केबलमधनं वेटोळं झालंय. दोघांनाही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स किंवा आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो, तारेचा थेट जोड तोडतो) टाका, पहिला खर्च इथं.

एक गोष्ट करायची नाही म्हणजे नाही. चार्जरची किंवा ॲम्पची तिसरी, जाडी पिन काढून टाकायची नाही, टेप लावायची नाही. घुंई जाते हे खरं आहे, आणि त्या पिनेच्या जागी मग तुम्ही उभे असता, हातात लोखंडी तारा धरून. जुन्या वाड्यात सॉकेटला तीन भोकं असतात पण तिसऱ्याच्या मागं वायरच नसते, असं गावभागात मी स्वतः बघितलंय. फेज आणि अर्थमध्ये मल्टिमीटरला 230च्या आसपास दिसलं पाहिजे. दिसलं नाही, किंवा माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वाजवणं तिथंच बंद आणि आधी वायरमन. हे गिटारचं काम नाही.

9. उशीर आणि भूत

उशीर म्हणजे बफर, लॅपटॉप आवाज तुकड्यातुकड्यानं घेतो त्या तुकड्याचा आकार. 48 हजारच्या सॅम्पल रेटला 512चा बफर म्हणजे एका बाजूलाच 10.7 मिलिसेकंद, 128चा म्हणजे 2.7. आवाज हवेतनं एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंद म्हणजे ॲम्पपासून साडेतीन मीटर लांब उभं राहिल्यासारखं. स्टेजवर ते चालतं, कानात हेडफोन घालून खटकतं. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाका, बफर 128 करा, कडकड यायला लागली तर 256.

भूत म्हणजे अलायझिंग. सिम जोरात डिस्टॉर्ट झालं की सॅम्पल रेटच्या निम्म्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सी तयार होतात, त्यांना वर जागा नसते म्हणून त्या उलट्या दुमडून खाली येतात, म्हणून स्वर वर ओढला की भूत खाली जातं. ओव्हरसॅम्पलिंग असं लिहिलेलं असतं ते 4 पट करा. लॅपटॉप जुना असेल तर तापेल आणि कडकडेल, मग मात्र सिमचा ड्राइव्ह कमी करणं एवढाच स्वस्त उपाय.

10. इथं थांबायचं

एवढं सगळं करूनही आवाज येत-जात असेल, प्रीॲम्पला टिचकी मारली की ट्यूब घंटीसारखी वाजत असेल, जळका वास येत असेल, फ्यूज दुसऱ्यांदा उडाला असेल, तर तो प्रीॲम्पचाच दोष आहे आणि तो उघडणं तुमचं काम नाही. बाहेरनं काढता येणारी ट्यूब असेल तर बंद करून, गार होऊ देऊन, बदलून बघायला हरकत नाही. झाकणाचे स्क्रू खोलायचे नाहीत. मी रोज 440 व्होल्टच्या पॅनेलवर काम करतो, तिथं मेन काढला, टेस्टर लावला, संपलं. पण ट्यूबच्या यंत्रात वायर भिंतीतनं काढून ठेवली तरी आतले कपॅसिटर भरलेले राहतात, पूर्ण ॲम्पमध्ये 300-400 व्होल्ट, काहींत त्याहून जास्त, आणि ते रिकामे करायची एक पद्धत असते जी हाताखाली बसून शिकायची असते, व्हिडिओ बघून नाही.

ज्यांच्याकडं पूर्ण ट्यूब ॲम्प आहे आणि त्याचा फक्त प्रीॲम्प वापरायचाय, त्यांनी मागच्या एफएक्स सेंडमधनं इंटरफेसच्या लाइन इनपुटला यायचं, आणि स्पीकर जोडलेलाच ठेवायचा, आवाज नको असला तरी. ट्यूब ॲम्प स्पीकर किंवा लोड बॉक्सशिवाय (स्पीकरच्या जागी भार घेणारा डबा) चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि स्पीकरचं आउटपुट इंटरफेसमध्ये कधीही नाही, एकदासुद्धा नाही, ट्राय म्हणूनसुद्धा नाही.

पुरात भिजलेलं काहीही असलं तर पहिली तपासणीसुद्धा करू नका, प्लग न लावता सरळ कारागिराकडं. माझा रॅकवाला प्रीॲम्प 2019च्या ऑगस्टमध्ये कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता, दोन दिवस पाण्यात. मी शहाणा, महिनाभर उन्हात वाळवला आणि लावला, वाजलापण. वर्षभरानं घुंई सुरू झाली, गिटार काढली तरी चालू, चार्जर काढला तरी चालू, वरच्या सगळ्या तपासण्या मी त्याच्यावर दोनदा केल्या आणि मग गप कोल्हापूरला जुन्या रेडिओवाल्याकडं नेऊन दिला. त्यानं झाकण उघडून मला आत दाखवलं, सप्लायच्या कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी ओघळ आणि बोर्डावर नदीचा गाळ, अजून तसाच, बोटाला लागेल इतका. कपॅसिटर बदलून, धुऊन पुसून दिला, घुंई गेली. बासच्या नॉबची खरखर तेवढी राहिली, वाजवताना आली की पायानं रॅकला जरा ढोसतो, थांबते.